मीराआत्याच्या हातांची रजा

नायगावच्या त्या बीडीडी चाळीत एक रीत ठरून गेली होती. आग लागली तर बंबाला फोन करायचा, ताप आला तर प्रितीला हाक मारायची आणि सरकारचं पत्र आलं तर प्रितीच्या नवऱ्याकडे, म्हणजे प्रफुल्लकडे, जायचं. प्रिती पालिकेच्या इस्पितळात नर्स. प्रफुल्ल फोर्टातल्या एका विमा कंपनीत हेडक्लार्क. त्याने भरून दिलेला अर्ज आजवर परत आला नव्हता. रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचं असो, नाहीतर चाळ पाडून टॉवर बांधणाऱ्यांना द्यायची पात्रतेची कागदपत्रं असोत, प्रफुल्लच्या हातून गेलेला कागद बरोब्बर योग्य टेबलावर जाऊन बसायचा. हे तो स्वतः कधी सांगायचा नाही. दुसरं कुणी सांगत असेल तर मात्र त्याला मध्येच थांबवायचाही नाही.

त्यामुळे महाडच्या पुढल्या गावाहून त्याच्या मीराआत्याचा फोन आला, आणि तिचं काम सरकारी आहे हे कळलं, तेव्हा प्रफुल्लला खरं म्हणजे आनंदच झाला.

"बाबा, माजा अंगठा लागत न्हाय," आत्या म्हणाली.

शेतकऱ्यांच्या खात्यात दर चार महिन्यांनी सरकार दोन हजार रुपये जमा करतं, ती योजना. पैसे चालू राहायचे तर आपण आपणच आहोत हे शेतकऱ्याने मशीनवर अंगठा ठेवून पटवून द्यायचं. आत्याने गावच्या केंद्रात चार वेळा ठेवला आणि मशीनने चारही वेळा तिला ओळखायला नकार दिला. येता सोमवार सोडून त्याच्या पुढच्या सोमवारपर्यंत जमलं नाही तर नाव यादीतून जाणार होतं.

इथे कुणी म्हणेल, दोन हजारांसाठी एवढा जीव कशाला टाकायचा? पण आत्याचा जीव दोन हजारांत नव्हताच. तो होता त्या पैशांबरोबर मोबाइलवर येणाऱ्या मेसेजात. तिचे यजमान गुणाजी गेले, त्यानंतर दिरांशी तीन वर्षं भांडून तिने अठरा गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढवलं होतं. मग पहिला हप्ता आला आणि मेसेज आला, 'प्रिय शेतकरी मीराबाई गुणाजी तांबे'. आत्याला वाचता येत नव्हतं. तो मेसेज तिने शाळेतल्या बाईंकडून वाचून घेतला, मग पिठाच्या गिरणीवाल्याकडून, मग एसटीच्या कंडक्टरकडून. तिघांनीही तेच वाचल्यावर तिची खात्री पटली. नाव यादीतून गेलं असतं तर पैसे गेले असतेच, पण ते 'प्रिय शेतकरी'सुद्धा गेलं असतं.

"तू मुंबईला ये," प्रफुल्ल म्हणाला. "दोन दिवसांत करून देतो."

हे दोन दिवस पुढे मोजून तेरा भरले.

गुरुवारी आत्या आली. बरोबर तांदळाची पिशवी, वालाची पिशवी आणि नुकतीच भातकापणी उरकून आलेले दोन हात. शुक्रवारी अर्धी रजा टाकून प्रफुल्ल तिला दादरच्या सेवा केंद्रात घेऊन गेला. तिथे जुई नावाची मुलगी मशीन चालवत होती. तिने आत्याची दहाही बोटं एकेक करून काचेवर ठेवून घेतली. दर वेळी मशीन लाल दिवा दाखवून 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणत होतं. आत्या दर वेळी मशीनला "बरा" म्हणत होती.

जुईने आत्याचा तळवा उजेडात धरला. "काका, ह्यांच्या बोटांवर रेषाच नाहीयेत हो."

प्रफुल्लने चष्मा पुसून पाहिलं. खरंच नव्हत्या. चिरा होत्या, भेगा होत्या, विळ्याचे जुने वण होते. पण ज्या बारीक गोलगोल रेषांवरून सरकार माणूस ओळखतं त्या रेषा पन्नास वर्षांच्या लावणी-कापणीत झिजून गेल्या होत्या. शेती करते याचा पुरावा शेतीनेच पुसून टाकला होता. प्रफुल्लच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असा पेच त्याच्या टेबलावर कधी आला नव्हता.

"मग ओटीपीने करू," तो म्हणाला.

पण आधारला जोडलेला नंबर होता गुणाजींचा; आत्याच्या स्वतःच्या मोबाइलचा नंबर फक्त बँकेत दिलेला. गुणाजी गेले, रिचार्ज थांबला आणि कंपनीने नंबर दुसऱ्या कुणाला देऊन टाकला. नंबर बदलून घ्यायला काय लागतं? तर अंगठा. म्हणजे अंगठा लागत नाही म्हणून नंबर पाहिजे आणि नंबर बदलायला अंगठा पाहिजे. एखाद्या गवयाने दुसऱ्याच्या तानेला मान डोलवावी तशी प्रफुल्लने या नियमाला नकळत मान डोलावली. मग भानावर येऊन त्याने तो जुना नंबरच फिरवला. नांदेडकडच्या कुण्या गृहस्थाने उचलला.

"नमस्कार. आता तुमच्या मोबाइलवर एक ओटीपी येईल, तेवढा मला सांगता का?"

मग त्या गृहस्थाने प्रफुल्लला, प्रफुल्लच्या सात पिढ्यांना आणि त्याच्या शिक्षणाला जे काही ऐकवलं ते केंद्रातल्या रांगेलाही ऐकू गेलं. "टीव्हीवर रोज सांगतात तुमच्यासारख्यांबद्दल! पोलिसात देतो थांब!" आयुष्यात ज्याने ऑफिसचा टाचणीचा डबा घरी आणला नव्हता, त्याला भर दादरमध्ये चोर ठरवलं गेलं. रांगेतली एक बाई पर्स छातीशी धरून दोन पावलं मागे सरकली.

उरला चेहरा. घरी आल्यावर लेकीने, अपूर्वाने, सरकारी ॲप उघडून फोन आत्यासमोर धरला. "आत्याआजी, कॅमेऱ्यात बघ आणि डोळे मिचकव. बस, सेट आहे."

"कुणाला?"

"कुणाला नाही ग, मोबाइलला."

"ह्या वयात मी मोबाइलाला डोळा मारू?" म्हणत आत्याला जे हसू फुटलं ते आवरेना. हसणारा चेहरा ॲपला चालत नव्हता. हसू थांबवून पाहिलं, तर गंभीर चेहरा कार्डावरच्या फोटोशी जुळेना. तो फोटो आपला आहे यावर खुद्द आत्याचाच विश्वास नव्हता. "ही कोन मेली दात दुखल्यासारी?" ती विचारायची.

शेवटी उपाय उरला तो निघताना जुईने सांगितलेला. "आठ दिवस हातांना पूर्ण आराम द्या. पाणी नको, घासणं नको. मलम लावा. कातडी भरून आली की रेषा थोड्या वर येतात. माझ्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावश्या येतात, त्यांनाही मी हेच सांगते."

"म्हणजे नुसतं बसायचं?" प्रफुल्लने विचारलं होतं. "एवढंच ना? हे तर सगळ्यात सोपं."

जुईने त्याच्याकडे एकदा पाहिलं होतं आणि पुढचा नंबर पुकारला होता.

बातमी पॅसेजभर झाली आणि सल्ले यायला लागले. बीडीडी चाळीच्या पॅसेजला दोन्ही बाजूंनी दारं आणि प्रत्येक दाराला आपलं स्वतंत्र मत. शेजारचे नाना सहकारी बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेले. अंगठ्यांचा सगळ्यात जास्त अनुभव आपल्याला, असं त्यांचं म्हणणं. "आमच्या वेळी शाई होती, प्रफुल्ल. शाई कुणाला नाही म्हणायची नाही. तू ग्लिसरीन लाव." समोरच्या राधाबाई पोळीभाजीचे डबे करायच्या, त्यांनी लोण्याचा आग्रह धरला. तिसऱ्या दाराने लिंबू सुचवलं, चौथ्याने लिंबू सुचवणाऱ्याची अक्कल काढली. अपूर्वाने तिचं स्ट्रॉबेरीच्या वासाचं महागडं क्रीम दिलं, ते आत्याने आधी चाखून पाहिलं. प्रितीने कुणाशी वाद न घालता व्हॅसलीनची मोठी बाटली आणि सुती हातमोजे आणले आणि विषय संपवला.

प्रफुल्लने मात्र कामाला शिस्त लावली. पुठ्ठ्यावर झोकदार अक्षरात 'हातांची रजा' असा मथळा घालून त्याने वेळापत्रक लिहिलं आणि फ्रिजला चिकटवलं. आत्या कामाला हात लावणार नाही यासाठी दिवसभर पाळीपाळीने लक्ष ठेवायचं. आत्याच्या वाट्याची कामं प्रफुल्ल करणार, कारण प्रितीची इस्पितळात पहिली पाळी आणि अपूर्वाची परीक्षा. आत्याच्या वाट्याची कामं म्हणजे तरी काय? पाहुणी बाई ती! पण आल्यापासून एका दिवसात तिने घरातली भांडी, केर, मोरी आणि गव्हाचं निवडणं आपल्या नावावर करून घेतलं होतं. तेव्हा भांडी प्रफुल्लकडे आली. मिरचीने बोटं झोंबतात हे नानांचं आणखी एक संशोधन, म्हणून जेवणही भरवायचं ठरलं.

"ह्या कायच्या काय," आत्या म्हणाली. पण पहिल्या रात्री प्रफुल्लने वरणभाताचा घास केला आणि तिच्या तोंडासमोर धरला तेव्हा तिने तोंड उघडलं. मे महिन्याच्या सुट्टीत गावच्या पडवीत हीच आत्या त्याला भाकरी कुस्करून भरवायची. काऊचा घास, चिऊचा घास, आणि शेवटी 'बाबासाहेबांसारखा मोठा हो' असा एक जंगी घास, जो तोंडात मावायचा नाही. प्रफुल्लने उगाचच खोकून घेतलं.

"मोठा घास कर रे," आत्या म्हणाली. "कोंबडी हाय काय मी?"

पहिले दोन दिवस आत्या कॉटवर बसून होती. हातमोजे घातलेले दोन्ही हात मांडीवर, दुसऱ्या कुणी सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ते दाखवायची. "सरकारी काम चाललाय," म्हणायची.

तिसऱ्या दिवशी प्रितीच्या लक्षात आलं की स्टीलचे डबे आरशासारखे चमकताहेत. प्रफुल्लने ते श्रेय मुकाट्याने घेतलं. चौथ्या दिवशी जिन्यातल्या रंगाच्या डब्यांमध्ये वर्षानुवर्षं सुकून उभा असलेला कढीपत्ता आणि गवती चहा यांच्या बुडाची माती कुणीतरी मोकळी करून पाणी घातल्याचं दिसलं. मुलांचं काम, असं नाना म्हणाले. पाचव्या दिवशी प्रफुल्ल ऑफिसातून लवकर आला, तर पॅसेजमध्ये राधाबाईंच्या परातीशी आत्या बसलेली. हातमोजे बाजूला घडी करून ठेवलेले. परातीत मोड आलेले दोन किलो वाल गरम पाण्यात आणि आत्याची दहाही बोटं त्यात. बिरड्याचे वाल सोलायचे म्हणजे भिजलेलं साल चिमटीत धरून दाणा पुढे उडवायचा, आणि आत्याचे दाणे असे काही उडत होते की राधाबाई हात थांबवून नुसत्या बघत बसल्या होत्या.

प्रफुल्लने तिचे हात पाण्यातून वर काढले. बोटं सुकलेल्या मनुकांसारखी झाली होती. पाच दिवसांचं व्हॅसलीन परातीत तरंगत होतं.

"आत्या!" तो ओरडला. पॅसेजमधली सगळी दारं उघडली. "आम्ही सगळे तुझ्यासाठी राबतोय इथे! जरा म्हणून स्वस्थ बसता येत नाही का तुला?"

आत्याने पदराने हात पुसले. रागावली नाही. विचार करून खरं उत्तर द्यावं तशी म्हणाली, "न्हाय येत रे. कुनी शिकवलाच न्हाय."

मग आत्या सांगायला लागली, राधाबाईंना सांगितल्यासारखं. मागे माणसं मोजायला एक मास्तर घरी आला होता. गुणाजींचं नाव लिहिलं, काम विचारलं, गुणाजी म्हणाले शेतकरी. मग हिचं नाव लिहिलं आणि काम न विचारताच काहीतरी लिहिलं. ती तेव्हा चिखलाच्या पायांनी बांधावरून येऊन उभी होती. तिने विचारलं, काय लिवलास? तो म्हणाला, घरकाम. "मी बोलली, बाबा, पाय तरी बघ. तर बोलतो, पायांचा रकाना न्हाय." आत्या हसली. "येवढ्या वर्सांनी त्या फोनात माजा नाव आला. आता अंगठ्यापाई जायला नको. म्हनून बसते रे मी. खरा बसते. पन हात ऐकत न्हाईत."

प्रफुल्लला आपल्या ओरडण्याची इतकी लाज वाटली की तो तिथेच, ऑफिसच्या कपड्यांत, फरशीवर बसला. आजवर त्याने शेकडो अर्जांतला 'व्यवसाय' हा रकाना भरला होता आणि बायकांच्या नावापुढे हात न थांबवता 'गृहिणी' लिहिलं होतं. राधाबाईंच्याही. ज्या पहाटेपासून चाळीस डबे करायच्या.

बहुधा राधाबाईंच्याही मनात तेच आलं असावं. त्यांनी आपला उजवा अंगठा वर केला. "भावजी, रेशनवाल्याकडे माझा पण लागत नाही. दर महिन्याला तीन-तीनदा परत पाठवतो. मी कुणाला बोलले नाही. लाज वाटते."

पलीकडच्या दारातून आणखी एक अंगठा वर आला. मग आणखी एक.

दुसऱ्या दिवशी दुपारी पॅसेजमध्ये चटई पसरली गेली आणि तिच्यावर सात बायका हातांना व्हॅसलीन फासून ओळीने बसल्या. आत्या मधोमध. एकटीला बसता येत नव्हतं, पण सात जणींत बसायचं म्हणजे गप्पा आल्या, गाणी आली, आणि हात आपसूक मांडीवर पडून राहिले. कुणाचाही हात परातीकडे सरकला की उरलेल्या सहा जणी ओरडायच्या. भांडी, केर, डबे हे सगळं पुरुषांवर आलं. नानांनी दूध जाळलं, ते निस्तरायला पातेलं घासलं, आणि घासलेलं पातेलं सबंध पॅसेजला फिरवून दाखवलं. राधाबाईंच्या चाळीस डब्यांतल्या पोळ्या तीन दिवस वेगवेगळ्या आकारांत गेल्या. एका गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, बाई बऱ्या आहेत ना?

शनिवारी सगळी वरात दादरला निघाली. आत्याच्या हातांत हातमोजे, बरोबर प्रफुल्ल, देखरेखीला नाना, आणि उत्सुकतेपोटी चौघी जणी. केंद्राच्या दारावर कागद होता, 'सर्व्हर बंद आहे'. नाना म्हणाले, "शाई कधी बंद पडली नाही." रविवारी केंद्राला सुट्टी. त्या दोन दिवसांत प्रफुल्लच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने सोमवारची पूर्ण रजा टाकली. कारणाच्या रकान्यात त्याने 'घरगुती' लिहिलं, मग खोडून 'शेतीचे काम' लिहिलं.

सोमवारी जुईने काच पुसली. आत्याने हातमोजे काढले. उजवा अंगठा, लाल. डावा अंगठा, लाल. तर्जनी, मधलं बोट, लाल, लाल. प्रफुल्लला रांगेचा आवाज ऐकू येईनासा झाला. आजवर परत न आलेल्या सगळ्या अर्जांपेक्षा हा एक परत येऊ नये असं त्याला वाटत होतं, आणि तेवढं वाटून काही उपयोग नाही हेही कळत होतं. आठ बोटं झाली. आत्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं. "जाऊ दे रे," हळूच म्हणाली. "तू खूप केलास. चल, शेतातल्या वालाची राखन करायला पायजे."

"अजून दोन आहेत," प्रफुल्ल म्हणाला. त्याने तिची डावी करंगळी स्वतःच्या हातात घेतली, सदऱ्याच्या टोकाला पुसली आणि काचेवर ठेवून वरून हळूच दाबली.

हिरवा दिवा लागला.

जुईने पडद्यावरचं मोठ्याने वाचलं, "मीराबाई गुणाजी तांबे. यशस्वी." आणि रांगेतल्या लोकांनी, कशासाठी ते न कळताच, टाळ्या वाजवल्या. आत्या करंगळीकडे बघत राहिली. "ही मेली आळशी," ती म्हणाली. "कंदी काय काम केला न्हाय हिनी." आणि मग तिने डोळ्यांना पदर लावला. प्रफुल्लनेही लावला असता, पण त्याच्याकडे पदर नव्हता.

मंगळवारी पहाटे आत्याला एसटीत बसवून प्रफुल्ल ऑफिसात गेला आणि हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला. मशीनने लाल दिवा दाखवला. त्याने पुन्हा ठेवला. पुन्हा लाल. अकरा दिवस भांडी घासून हेडक्लार्कच्या अंगठ्याचं सालटं निघालं होतं. साहेब, अच्युतराव, मागेच उभे होते. "काय हो, नांगर धरला होतात काय?" त्या दिवशी प्रफुल्लची हजेरी लागायला दुपार झाली, अर्ज करावा लागला, आणि तो अर्ज एका त्रुटीपायी परत आला. चाळीत त्याने हे कुणाला सांगितलं नाही. प्रितीला सांगितलं. ती हसता हसता कॉटवर बसली, मग त्याचा हात ओढून घेऊन त्याला व्हॅसलीन लावत बसली.

पुढे दोन महिन्यांनी आत्याचा फोन आला. हप्ता जमा झाला होता. मेसेज शाळेतल्या बाईंनी वाचला, गिरणीवाल्याने वाचला. कंडक्टर बदलला होता, नव्यालाही वाचायला लावला.

"पन तुमच्या त्या मलमानी हात मऊ केलास माजे," तिने तक्रार केली. "आल्या आल्या विळा धरला तर फोड आले. सगळी आळी हसली मला. बोलतात, मीराबाई मुंबैची बाई झाली."

"आता?"

"आता झाले पयल्यासारके." मग तिने हळूच विचारलं, "का रे, ह्या अंगठा पुन्ना लावायला लागंल काय?"

प्रफुल्लने आजवर दरसालच्या या कागदपत्रांना मनापासून शिव्या घातल्या होत्या. साहेबांपुढेही घातल्या होत्या. हा नियम एकदाच पुरे का करत नाहीत, यावर त्याने एक पत्रही लिहून ठेवलं होतं. ते अजून टेबलाच्या खणात होतं.

"लागेल ना," तो म्हणाला. "दर वर्षी लागेल. तू भातकापणी झाली की सरळ इकडे यायचं."

"आट दिवस?"

"आठ काय, दहा धर. सर्व्हरचा भरवसा नसतो."

"बरा," आत्या म्हणाली. आणि मग, फोन ठेवता ठेवता, "राधाबाईला सांग, म्हनावा, चटई धुवून ठेव."

प्रफुल्लने फोन ठेवला, खण उघडला आणि ते पत्र फाडून टाकलं. मग उठून मोरीत गेला. भांडी पडली होती.